अकरा मयतांची यादी

आमच्या ऑफिसात दोन खिडक्या होत्या. डावीकडची जन्माची, उजवीकडची मृत्यूची. डावीकडच्या बाईला रोज पेढे मिळायचे. मी एकोणतीस वर्षं उजवीकडे बसले. तेवढ्या काळात माझ्या वाट्याला जे पेढे आले ते चुकून, म्हणजे नव्या बापाला आनंदाच्या भरात खिडकी कळली नाही म्हणून. पाटी वाचल्यावर तो पेढा परत मागायचा नाही, पण चेहरा असा करायचा की मलाच तो परत द्यावासा वाटायचा.

गल्लीत मला 'मयताच्या मगदूमबाई' म्हणतात. तोंडावरच म्हणतात, कोल्हापुरात पाठीमागं बोलायची फारशी पद्धत नाही. आता निवृत्त झाले आहे. कामाविषयी लिहा, पण फार रडकं नको, असं या अंकाच्या संपादकांनी बजावलंय. त्यांनी काळजी करू नये. माझ्या खिडकीवर रडायला येणाऱ्यांपेक्षा भांडायला येणारेच जास्त असायचे.

काम तसं सोपं. माणूस दवाखान्यात गेला तर दवाखाना आम्हाला कळवतो. घरी गेला तर घरच्यांनी एकवीस दिवसांत येऊन फॉर्म द्यायचा, सोबत डॉक्टरांनी दिलेला कारणाचा कागद जोडायचा. मी नाव, वय, पत्ता ताडून बघायचं, नोंद करायची आणि दाखला द्यायचा. यात कौशल्य कसलं, असं माझ्या जाऊबाई विचारतात. कौशल्य एवढंच की, समोरचा माणूस डोळे पुसत असताना त्याला मयताच्या आईचं पूर्ण नाव विचारता आलं पाहिजे.

डॉक्टरांच्या कागदावर घरच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं, हृदयक्रिया बंद पडली. हृदय चालू असताना मेलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. पण रकाना भरलेला असला की आमचं काम झालं. हे कारण आमच्या दप्तरात राहतं, दाखल्यावर मात्र छापायचं नाही असा कायदाच आहे. माणूस कशानं गेला ही त्याची आणि घरच्यांची खासगी गोष्ट, म्हणून. लोकांना ते पटत नाही. एका पाहुण्यांनी माझ्यासमोर दाखला ट्यूबलाइटला धरून बघितला होता, आत पुसट काही लिहिलंय का म्हणून. काही सापडलं नाही तेव्हा त्यांची खात्रीच पटली. म्हणाले, "लईच सफाईनं दडवलंय की वो बाई."

संशय घ्यायला माणसाला फार लागत नाही, हे मी खिडकीत बसून शिकले. मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडून रोजच्या नोंदींचे आकडे घेऊन गेले आणि 'सोमवारचं गूढ' म्हणून बातमी केली. शहरात सोमवारी इतकी माणसं का मरतात? मी त्यांना बोलावून समजावलं की, माणसं सोमवारी मरत नाहीत, ऑफिस रविवारी बंद असतं. दोन दिवसांच्या नोंदी एका दिवशी होतात. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशीची बातमी होती, 'रविवारचे मृत्यू दडपले जातात? कर्मचाऱ्याची कबुली.'

दुसरे एक निवृत्त ओव्हरसियर दर अमावास्येनंतर यायचे. अमावास्येला जास्त माणसं जातात हे त्यांचं मत. मी हौसेनं तीन वर्षांची रजिस्टरं काढून त्यांच्यासमोर मोजणी केली. अमावास्या, पौर्णिमा, अधलेमधले दिवस, काही फरक नाही. त्यांनी रजिस्टर स्वतः एकदा चाळलं आणि म्हणाले, "म्हणजे रजिस्टरातच कायतरी गडबड हाय."

अशा माणसांशी बोलून बोलून मला एक गुर्मी चढली होती. आकडे आपल्या बाजूनं आहेत, असं मला वाटायचं. शाळेत गणितात मी बेताचीच होते, पण रोज मरणं मोजणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते. माणसं नेहमीच मरत असतात, आणि बरीच मरतात. बाहेरच्याला आपल्या ओळखीतली दोन मरणं जवळजवळ दिसली की धक्का बसतो. मला बसत नव्हता. हे शहाणपण आहे असं मी धरून चालले होते. आता सांगणार आहे ती गोष्ट माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली.

मंगळवार पेठेतल्या एका बागेत सकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. त्या कट्ट्यानं एका नोव्हेंबरात फ्लूच्या लशीचं शिबिर घेतलं होतं. लस टोचायला वॉर्डातल्या आरोग्य केंद्राच्या छाया सिस्टर आल्या होत्या. सत्तरेक जणांनी टोचून घेतलं, चहा-बिस्किटं झाली, ग्रुपवर फोटो पडले आणि सगळे विसरून गेले. त्यानंतर चौदा महिन्यांनी, जानेवारीच्या शेवटी, त्याच ग्रुपवर एक यादी आली. वर लिहिलं होतं, 'अकरा मयत, एक सुई. जागे व्हा.' खाली नंबर घालून अकरा नावं. आणि शेवटची ओळ, 'दाखल्यावर खरं कारण का छापत नाहीत? विचार करा.' ती वाचून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. आमच्या खात्याचा इतका विचार आजवर कुणी केला नव्हता.

यादी केली होती तानाजी चौगुल्यांनी. पेठेत त्यांची पिठाची गिरण. वय अडुसष्ट, आणि आवाज गिरणीच्या वरताण बोलून बोलून तयार झालेला. डिसेंबरात त्यांचे थोरले भाऊ शंकरराव गेले. सकाळी आंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत, दार फोडून काढावं लागलं. वडील लवकर गेलेले, तानाजींना शंकररावांनीच वाढवलं, शिकवलं, गिरण घालून दिली. शंकरराव गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्याच बिल्डिंगीतले कुंभार मास्तर गेले. दोघांनीही शिबिरात लस घेतली होती. चौगुल्यांना तेवढं पुरलं. मग ते कट्ट्यावर एकेकाला विचारत सुटले, आणखी कोण कोण गेलं? विचारलं की नावं निघतातच.

भावाच्या दाखल्याच्या जादा प्रती न्यायला ते खिडकीवर आले तेव्हा मी विचारलं, लस घेऊन तेरा महिन्यांनी माणूस गेला तर त्यात लशीचा काय संबंध? ते शांतपणे म्हणाले, "सावकाश उतरतंय त्ये अंगात." तेराव्या दिवशी गेला असता तर लस जलद काम करते म्हणाले असते. या तर्काला कुठूनच दार नाही, हे बघून मी प्रती हातात दिल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

ग्रुपवरची यादी पेठेतून पेठेत गेली. आठवड्याभरात छाया सिस्टर माझ्याकडे आल्या. चाळिशीतली बाई, चालणं तुरुतुरु, बोलणं नेमकं. पंधरा वर्षं त्याच वॉर्डात लसीकरण करत होत्या. कुठल्या घरात किती महिन्यांचं मूल आहे हे त्यांना तोंडपाठ. त्या बाकावर बसल्या, पिशवीतून शिबिराचं रजिस्टर काढलं आणि सांगू लागल्या. लोक दार उघडत नाहीत. पोलिओच्या डोसाचं बोललं तरी आतून 'घरात कोण न्हाय' म्हणून ओरडतात. गाडीच्या दोन्ही चाकांतली हवा कुणीतरी सोडली. बदली करा म्हणून अर्ज गेलाय, त्यावर ऐंशी सह्या आहेत, आणि त्यातल्या काही सह्या ज्यांच्या नातवंडांना त्यांनी टोचलंय त्यांच्याच आहेत.

"मॅडम, गोवराची साथ आली तर ही पोरं उघडी पडणार," त्या म्हणाल्या. "मला बदलीचं न्हाय काय. कागलला टाकलं तरी जातो. पण ह्यांची दारं उघडायला दुसरी कोण येणार?" आमच्याकडच्या बायका बोलताना 'जातो, येतो' म्हणतात, तशाच त्या म्हणाल्या.

कारणाचा रकाना मला कुणाला दाखवता येत नाही. नाव आणि तारीख मात्र लपलेली नसते. मी चौगुल्यांची यादी, सिस्टरांचं रजिस्टर आणि माझं रजिस्टर अशी तीन शेजारी ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी बसलो. दोघं जण शिबिराच्या आधीच वारले होते. म्हणजे सुईनं मागं जाऊन त्यांना गाठलं होतं. दोघांनी लस घेतलीच नव्हती. ते चहाला आले होते, असं सिस्टरांना पक्कं आठवत होतं, कारण बिस्किटं त्यांनीच संपवली होती. एक नाव कट्ट्यावरचं नव्हतंच. ते कुणाचे तरी आजऱ्याचे व्याही होते, उपचाराला इथं आणलेले, इथंच गेले, म्हणून नोंद इथं झाली. त्यांनी तो कट्टा कधी डोळ्यांनी बघितला नव्हता.

सहावं नाव होतं गणपतराव सुतार. ते मला कुठंच सापडेनात. चार दिवसांनी ते स्वतःच खिडकीवर आले. उंच, काटक, डोक्यावर टोपी. नाव सांगितलं आणि म्हणाले, "मी मेलोय म्हणत्यात. जरा बघा की रजिस्टरात."

मी बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं, अजून नाही.

त्यांची लेक यादी वाचून सासरहून रडत आली होती. गणपतराव तेव्हा दारात बसून शेंगा फोडत होते. तिनं गळ्यात पडून इतका आकांत केला की शेजारी जमले, आणि कोण गेलं हे विचारायला आलेल्यांना गणपतरावांनीच पाणी दिलं. आता त्यांना माझ्याकडून जिवंत असल्याचा दाखला हवा होता. आमच्या खिडकीवर तेवढाच एक दाखला मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मेल्याशिवाय तुमचा काही उपयोग नाही. मी म्हटलं, बरोबर.

गणपतराव तिथून थेट गिरणीत गेले आणि यादीतून नाव काढा म्हणाले. चौगुल्यांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, टोचून घेतलं होतं ना, विचारलं, आणि नाव तसंच ठेवून पुढं कंसात लिहिलं, 'प्रकृती चिंताजनक'.

अकरातले सहा गळाले, उरले पाच. सत्तर माणसं, सगळी सत्तरीच्या आसपास किंवा पुढची. त्यांच्यातली चौदा महिन्यांत पाच जाणं यात माझ्या रजिस्टराला तरी नवल नव्हतं. लस न घेता कट्ट्यावर बसणारेही त्याच मानानं गेले होते. त्यांची यादी कुणी केली नव्हती एवढंच. आणि लस घेऊन रोज सकाळी बागेत फेऱ्या मारणारे साठ-पासष्ट जण होते, त्यांची यादी तर कुणी करणारच नव्हतं. न मेलेल्यांची बातमी होत नाही.

सिस्टरांसाठी म्हणून मी एका रविवारी कट्ट्यावर गेले. खोटं कशाला बोलू, थोडी स्वतःसाठीही गेले. एकोणतीस वर्षं जे कुणी ऐकून घेत नव्हतं ते तीस-चाळीस माणसांना एकदम ऐकवायची संधी होती. मी कागद काढून एकेक नाव खोडत गेले. गणपतराव पुढच्याच बाकावर बसले होते, त्यांना उभं केलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग मी म्हटलं, मंडळी, ही यादी कशी झाली बघा. कुस्ती निकाली होऊ द्यायची, मग जिंकलेल्या पैलवानाचं नाव चिठ्ठीत लिहायचं, आणि चिठ्ठी दाखवून म्हणायचं, मी आधीच ओळखलं होतं. आधी माणूस मरतो, मग त्याचं नाव यादीत येतं, आणि मग यादी बघून आपण घाबरतो. तालमीत वाढलेल्या म्हाताऱ्यांना ते बरोबर समजलं. माना हलल्या.

चौगुले मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ऱ्हाऊ द्या अकरा. दोगांचंच सांगा. एकाच बिल्डिंगीतले, तीन आठवड्यांत, दोगं बी आंघुळीला गेल्यावर. ह्ये कसं?"

माझं उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "चौगुले, पंचाहत्तरीच्या पुढं माणसाची निम्मी सकाळ बाथरूममध्येच जाते. तो दुसरीकडं कुठं मरणार?"

सगळा कट्टा हसला. मोठमोठ्यानं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसला. चौगुले हसले नाहीत. टोपी नीट केली आणि निघून गेले. मी घरी येऊन नवऱ्याला ते वाक्य दोनदा ऐकवलं.

बदलीचा अर्ज बारगळला. निम्मी दारं सिस्टरांना उघडू लागली. माझं नाव पेठेत झालं. आणि फेब्रुवारीच्या मध्याला एका सकाळी शंकररावांच्या पत्नी, चौगुल्यांच्या वहिनी, त्याच बाथरूममध्ये पडल्या.

कामवाली घरात होती म्हणून वाचल्या. पाणी वाहतंय पण भांड्याचा आवाज नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं हाका मारल्या, शेजाऱ्यांना बोलावलं, दार तोडलं. वहिनी कडेला वाकड्या पडल्या होत्या. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सोबत आलेल्या चौगुल्यांना पहिला प्रश्न केला तो बीपीचा नव्हता की शुगरचा नव्हता. त्यांनी विचारलं, घरी गिझर कुठला आहे?

गॅसचा होता. बाथरूमच्या आत, भिंतीवर. आमच्याकडं खूप घरांत तसा असतो. बंद जागेत तो जळत राहिला की आतली हवा खातो आणि विषारी वायू सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला जरा गरगरतं, पाय जातात, आणि कडी आतून असते. ते साल थंडीचं होतं. शंकररावांनी झरोक्याच्या काचांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वारा बंद केला होता. ते बोळे अजून तिथंच होते. कुंभार मास्तरांकडं तसाच गिझर, तसंच बाथरूम.

वहिनींना प्राणवायूवर ठेवलं, दोन दिवसांत त्या उठून बसल्या. त्यांनी लस घेतली नव्हती. पहिल्यापासून त्या सुईला भिणाऱ्या.

हे मला चौगुल्यांनीच सांगितलं. एका दुपारी ते ऑफिसात आले, पण खिडकीवर आले नाहीत. बाकावर बसून राहिले. मी बाहेर जाऊन शेजारी बसले तेव्हा त्यांनी मान वर न करता सगळं सांगितलं, इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं. गिझर त्यांनीच आणला होता. भावाच्या वाढदिवसाला. ओळखीचा फिटर त्यांनीच लावला. कुंभार मास्तर बघायला आले, त्यांनाही आवडला, तर त्याच फिटरला वरच्या मजल्यावर त्यांनीच पाठवलं होतं. वहिनी शुद्धीवर आल्यावर त्यांनी ते बोलून टाकलं.

"वैनी काय म्हणल्या सांगू?" ते म्हणाले. "म्हणल्या, म्हाईत हाय मला. गार पाण्यानं त्येंचं गुडघं धरायचं, म्हणून आणलास. दोन वर्सं लई सुखानं आंघुळ केली त्येनी."

मला माझं ते वाक्य आठवत होतं, आणि तो हशा. दोन्ही फॉर्म माझ्याच हातून गेले होते. बिल्डिंगीचं नाव एकच, मधे तीन आठवडे, दोघांचं कारण तेच नेहमीचं. मी ते वाचले होते, तपासले होते, त्यांच्यावर सही केली होती. पुढं पाचाच्या आकड्यात ते घालून नवल नाही म्हणून हिशेब मिटवला होता. पाच मरणं मिळून नवल नव्हतं हे खरंच होतं. पण त्या पाचातल्या दोघांकडं वेगळं बघायला मला कुणी अडवलं नव्हतं. उलट एका माणसानं भर सभेत बोट दाखवून सांगितलं होतं, इथं बघा. त्याची सुई चुकीची होती म्हणून मी त्याचं बाथरूमही चुकीचं ठरवलं. वहिनी त्या कामवालीमुळं राहिल्या, नाहीतर तिसरा फॉर्म माझ्याच खिडकीवर आला असता आणि मी म्हटलं असतं, वयच झालं होतं.

"तुम्ही त्या दिवशी बरोबर विचारलं होतं," मी म्हटलं. "मी हसण्यावारी नेलं. चुकलंच माझं."

"म्या बी उत्तर ठरवूनच विचारलंवतं की," चौगुले म्हणाले.

मग त्यांनी टोपीची घडी केली. आणि ज्यासाठी आले होते ते त्यांनी विचारलं. "बाई, तुमी एवढी मरणं बघितलाय. त्यो गिझर नसता तर दादा जगला असता का?"

शंकरराव शहात्तर वर्षांचे होते, हृदयात दोन स्टेंट होत्या. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण खरंही असू शकेल. कुंभार मास्तरांचंही. माझं मत विचाराल तर शक्यता गिझरकडं झुकत होती, चांगलीच झुकत होती. पण किती, हे सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं, दोघांनाही अग्नी दिला होता. नाही म्हणून त्यांना दिलासा देता आला असता. हो म्हणून माझं शहाणपणही मिरवता आलं असतं.

"माहीत नाही, चौगुले," मी म्हटलं. "आता कुणालाच कळणार नाही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "तुमच्या तोंडनं ह्ये पयल्यांदाच ऐकतोय." आणि रडले. इतक्या वर्षांत त्या बाकावर कितीतरी माणसं रडली असतील, मी तिथं शेजारी बसून कधी बघितलं नव्हतं. खिडकीतून ते वेगळं दिसतं.

त्या संध्याकाळी चौगुल्यांनी ग्रुपवर लिहिलं. सिस्टरांचा काही दोष नव्हता, यादी चुकीची होती, ज्यांच्याकडं बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे त्यांनी झरोका उघडा ठेवा, गिझर बाहेर काढून घ्या. खाली स्वतःचं नाव. मी तो मेसेज वाचला, चांगला लिहिला होता. त्यावर हात जोडल्याची बरीच चित्रं आली. एकानं विचारलं, 'हे कुणी लिहायला लावलं?' दुसऱ्यानं लिहिलं, सिस्टरनं दम दिला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेठेत नक्की झालं की, तानाजी चौगुल्यानं विजेच्या गिझरची एजन्सी घेतली. यादी चार दिवसांत पार कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, माझ्या भाच्याच्या कंपनीत पोचली होती. हा मेसेज बागेच्या फाटकाबाहेर गेला नाही.

मग चौगुल्यांनी ठरवलं की, घरोघर जायचं. एकट्याला कोण विचारणार, म्हणून त्यांनी मला यायला सांगितलं, आणि मी म्हटलं, सिस्टरांनाही बोलवा. बोलवायला ते स्वतः आरोग्य केंद्रात गेले. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली नाही. चौगुले उभ्यानं माफी मागत राहिले आणि त्या डोसांची पेटी लावत राहिल्या. पेटी लावून झाल्यावर म्हणाल्या, "येतो मी. पण तुमच्यासाठी न्हवं."

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तिघं शंकररावांच्या बिल्डिंगीत पोचलो. सिस्टर पुढं, कारण कुठल्या घरात कोण राहतं हे त्यांनाच ठाऊक. मागं चौगुले, हातात पाना आणि हातोडी. सगळ्यात मागं मी, गुडघे धरत. पहिल्या मजल्यावर बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं, आतून एका म्हाताऱ्यानं आधी सिस्टरांना बघितलं, मग चौगुल्यांना, आणि शेवटी मला ओळखल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आमास्नी सुई नको," ते आतून म्हणाले, "आणि घरात सगळी जित्ती हाईत."

"तसंच ऱ्हाऊ दे म्हणूनच आलोय," चौगुले म्हणाले. "सुई न्हाय, दाखला न्हाय. बाथरूम दावा."